पायांची तपासणी

मोहिदीन मास्टरनं माझ्या डाव्या पायाला टेप लावली, मग उजव्या, मग पुन्हा डाव्या, आणि चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघत विचारलं, "मॅडम, हा गणवेश मार्चच्या परेडसाठी शिवू की सप्टेंबरच्या?"

मी हसले. त्याच्या दुकानातल्या आरशात मला माझं हसू दिसलं आणि ते मला अजिबात आवडलं नाही. "मार्चच्या," मी म्हणाले. "चोवीस दिवस राहिलेत, मास्टर. तारीख विसरलात की काय?" आमच्या लष्करी अकादमीच्या टेकडीखालच्या बाजारातलं हे दुकान एवढंसं, पण इथून खांद्यावर तारे लावून गेलेल्यांतले कितीतरी आता ब्रिगेडियर झालेत, आणि त्यांचे फोटो इस्त्रीच्या टेबलामागच्या भिंतीवर ओळीनं टांगलेले. "तारीख मी कशी विसरेन? चाळीस वर्षं माझं घर तुमच्या परेडवरच चाललंय. पण गेल्या महिन्यात माप घेतलं तेव्हा दोन्ही पाय सारखे होते. आज डावं माप अर्धा इंच कमी भरतंय. चोविसाव्या वर्षी पाय आखूड होत नाही, मॅडम. माणूस त्याच्यावर उभं राहायचं टाळतं, एवढंच." बूट चावतोय, मी म्हणाले. तो हं म्हणाला आणि खडूनं रेघ ओढली. माझे बूट अकरा महिन्यांचे जुने होते, ते दारातच काढलेले होते आणि ते त्यानं पाहिलेले होते.

बाहेर रेमी कागदात केळ्याची भजी घेऊन उभी होती. रेमी म्हणजे रेमरुआती, मिझोराममधल्या लुंगलेईची, माझ्या शेजारच्या खोलीतली, माझी कोर्समेट. रविवारी बाहेर सोडतात ते ठरलेल्या कपड्यांत, पांढरा शर्ट आणि करडी पँट, त्यामुळे आम्ही दोघी एखाद्या बँकेतून जेवणाच्या सुट्टीत बाहेर पडलेल्या दिसत होतो. "काय म्हणाला?" तिनं विचारलं. "सप्टेंबर म्हणाला." रेमीनं भजं तोंडात टाकलं आणि बराच वेळ चावलं. "शहाणा म्हातारा आहे," ती म्हणाली. एवढंच. रोज पहाटे माझ्या डाव्या नडगीला घट्ट क्रेप पट्टी बांधायची ती रेमीच, आणि बांधताना ती कधी वर बघायची नाही. हा सगळा प्रकार तिला पसंत नव्हता, आणि तरी गेले सोळा दिवस एकाही सकाळी तिचा उशीर झाला नव्हता. कोर्समेट म्हणजे काय हे बाहेरच्या माणसाला सांगत बसण्यात अर्थ नाही.

सोळा दिवस. सुरुवातीला ते दुखणं म्हणायच्याही लायकीचं नव्हतं. पळायला लागलं की पहिल्या मैलात ठणकायचं आणि अंग तापलं की निघून जायचं, आणि मी म्हणायचे, जा, अशी पुष्कळ पाहिलीत. मग ते दुसऱ्या मैलातही राहायला लागलं. मग जिना उतरताना. मग एके दिवशी नुसतं पडल्या पडल्या, पांघरुणाचं वजनसुद्धा नको वाटण्याइतकं. नडगीच्या हाडावर, घोट्याच्या वर चार बोटं, एक रुपयाएवढी जागा, तिथे बोट टेकलं की डोळ्यांत पाणी. आमच्या इथे ही जागा सगळ्यांना माहीत आहे. हाडाला केसाएवढी चीर जाते. विश्रांती दिली तर दोन महिन्यांत भरते, आणि नाही दिली तर एका वाईट पावलाला हाड सरळ दोन होतं. पण दोन महिने विश्रांती म्हणजे शेवटच्या सगळ्या परीक्षा हुकल्या, म्हणजे कोर्स मागे पडला, म्हणजे परेड थेट सप्टेंबरला आणि तोवर सहा महिने खालच्या कोर्समध्ये, ज्या मुलींना मी काल-परवापर्यंत मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या त्यांच्या रांगेत. आणि रेमी मार्चमध्ये लेफ्टनंट होऊन निघून जाणार, आणि जाताना मी तिला सॅल्यूट ठोकायचा. म्हणून मी लपवलं, आणि खरं सांगायचं तर फार छान लपवलं. पाय बाहेरच्या कडेवर टाकायचा, उतारावर पावलं लहान करायची, रांगेत डाव्या टोकाला उभं राहायचं म्हणजे उस्ताद उजवीकडून येतात तेव्हा दिसत नाही. या कलेचा मला गर्वसुद्धा वाटत होता, आता सांगायला लाज वाटते. उस्ताद म्हणजे सुभेदार ढांडा, जिंदकडचे, सव्वीस वर्षं नोकरी. कवायतीच्या मैदानावर ते कधी आवाज चढवून अपमान करत नाहीत, फार आदरानं करतात. "मॅडम, माझी म्हैस आपल्यापेक्षा चांगली वळते. आणि तिला मी उजवीकडे वळ कधी शिकवलेलंही नाही." या माणसाच्या नजरेतून मी सोळा दिवस निसटले होते. आणि एका शिंप्यानं टेप लावून दोन मिनिटांत पकडलं.

मजा अशी की लपवलेलं दुखणं शोधणं हाच माझा धंदा होता. बी.कॉम. झाल्यावर दोन वर्षं मी बंगळुरूत एका विमा कंपनीत होते, अकराव्या मजल्यावर, दिवसाला चाळीस अर्ज. माणसानं पूर्वीचा आजार सांगितलाय की दडवलाय, हे कागदावरून ओळखायचं. मला ते चटकन कळायचं. जिथे काही नसतं तिथे माणूस ऐसपैस लिहितो, आणि जिथे असतं तिथे अक्षर एकदम नीटनेटकं होतं. माझी साहेबीण म्हणायची, तुझ्यासमोर खोटं बोलण्यापेक्षा मेलेलं बरं. मी त्या खुर्चीत बसून दोनदा निवड मंडळाकडे जाऊन आले, आणि दोन्हीदा शेवटच्या दिवशी माझ्या छातीवरचा नंबर पुकारला गेला नाही. नंबराचं कापड परत द्यायचं, सही करायची, आणि नापास झालेल्यांच्या बसनं स्टेशनावर जायचं. त्या बसमध्ये कोणी कोणाशी बोलत नाही. तिसऱ्या वेळी पुकारला. मला त्या दिवसापासून पक्कं ठाऊक आहे की मी यासाठीच जन्मले. हे मोठेपणानं म्हणत नाही. काही माणसांना पोहता येतं, तसं मला हे येतं. अंधूक उजेडात नकाशा वाचता येतो, दमलेल्या माणसाला अजून एक मैल चालवता येतं, आणि माझा आवाज लांब जातो.

रिक्षात बसल्यावर अप्पांचा फोन आला. कोडगूत, म्हणजे कूर्गात, आमच्या गावी त्यांचं जीपच्या सुट्या भागांचं दुकान आहे आणि रविवारी दुपारी ते दुकानातूनच फोन करतात. कोडव घर म्हटलं की लोक विचारतात, तुमच्याकडे जनरल किती? आमच्याकडे एकही नाही. अप्पा विसाव्या वर्षी भरतीला गेले, आणि सपाट तळवे म्हणून डॉक्टरनं त्यांना एका मिनिटात घरी पाठवलं. त्यावर ते चाळीस वर्षं विनोद करतायत, म्हणजे केवढं लागलं असेल. "देचू, चौदा तिकिटं झाली," ते म्हणाले. "पोन्नव्वा मावशीसुद्धा येतेय, तिच्या गुडघ्यांसकट. मी काळा कुप्या उन्हात टाकलाय, एवढा लांब कोट, डांबरगोळ्यांचा वास जाता जात नाही. त्याच्यावर लावायची आजोबांची कट्यारही घासून ठेवलीय. अव्वा म्हणते, तारा डाव्या खांद्यावर कोणी लावायचा नि उजव्या कोणी, ते आत्ताच ठरवा, तिथे मैदानात भांडण नको." मागून अव्वाचा, म्हणजे आईचा, आवाज आला, "मी नाही, हेच भांडतायत." मी म्हणाले, अप्पा, डावा तुमचा. ते "बरं" म्हणाले आणि गिऱ्हाईक आलं म्हणून फोन ठेवला. गिऱ्हाईक आलेलं नव्हतं. रेमी खिडकीबाहेर बघत बसली होती. मला वाटलं, आता सांगावं, आत्ता, फोन परत लावावा. मग वाटलं, चोवीस दिवस तर आहेत. त्यातले खरे अवघड दोनच, गुरुवार आणि शुक्रवार, शेवटचा सराव. गुरुवारी पूर्ण सामानासह अठरा किलोमीटर चालून तळावर जायचं, शुक्रवारी पहाटे निघून तीस किलोमीटर परत. बाकी सगळी कवायतच. कवायत तर मी एका पायावरही करेन.

बुधवारी फलकावर नेमणुका लागल्या आणि आमच्या प्लाटूनची कमांडर म्हणून दोन्ही दिवसांसाठी माझं नाव होतं. शेवटच्या सरावाला ही नेमणूक कोणालाही उगाच मिळत नाही. निधी सांगवान, रोहतकची, जिला स्वतःला ती हवी होती, येऊन माझ्या पाठीत गुद्दा घालून म्हणाली, "मिळालं ना? आता नीट ने. वाट चुकलीस तर तुझ्या त्या आजोबांच्या कट्यारीनंच भोसकीन." मी म्हणाले, आधी माझ्या मागे मागे ये तर. त्या संध्याकाळी मी नकाशा पलंगावर पसरला आणि पेन्सिलीनं शुक्रवारचा रस्ता आखला, उतार टाळत, ओढा पुलाऐवजी वरच्या अंगानं ओलांडत, दीड तास. पायाचा ठणका मधूनमधून यायचा आणि मी त्याला थांब म्हणायचे. मी सुखात होते. असं सुख मला विमा कंपनीत दोन वर्षांत एका दिवसाचंही मिळालं नव्हतं.

गुरुवारचे अठरा किलोमीटर मी चालले. कमांडर नुसता पुढे चालत नाही, तो रांगेच्या पुढे-मागे करत राहतो, म्हणजे माझे बावीस तरी झाले असतील. काटेरी बाभळी, लाल माती, ताडांच्या मधून दिसणारं फटफटीत आकाश. नवव्या किलोमीटरनंतर मी पावलं मोजायला लागले, शंभर झाली की पुन्हा एकपासून, आणि प्रत्येक डाव्या पावलाला हाडात गरम खिळा. तळ दिसला तेव्हा मी सर्वांत पुढे होते आणि गाणं म्हणत होते. ढांडा उस्ताद दगडावर बसून आमच्याकडे बघत होते. माझा चेहरा चांगला होता, याची मला खात्री आहे.

चार वाजता पायांची तपासणी. ही रीत पायदळातली, जुनी. लांब चालून आल्यावर जवानांचे पाय कमांडरनं स्वतः बघायचे, त्याआधी पाणीसुद्धा प्यायचं नाही. पहिल्या महिन्यात उस्तादांनी शिकवलं तेव्हा आमच्यातल्या एकीनं विचारलं होतं, विचारलं तर चालणार नाही का? "विचारा की, मॅडम. जवान म्हणेल, ठीक आहे साहेब. आजवर कुठल्या जवानानं दुसरं काही म्हटलंय? गुडघ्यावर बसा आणि हात लावा." तर अठ्ठावीस मुली चटईवर रांगेनं बसल्या, बूट-मोजे काढून, पाय पुढे पसरून, आणि मी एकेकीसमोर गुडघे टेकत पुढे सरकत होते. अठ्ठावीस मुलींच्या पायांना जो वास येतो त्याबद्दल मी काही लिहीत नाही. सांगवानच्या अंगठ्याचं नख काळं झालं होतं. "सुंदर दिसतंय," मी म्हणाले. ती म्हणाली, "बहिणीच्या लग्नाला लाल रंग लावीन, मॅच होईल." टाचा, घोटे, बोटांमधल्या फटी, सगळीकडे बोटं फिरवायची. माझे हात हे काम मनापासून करत होते. प्रत्येक तळव्याखाली मी क्षणभर हात ठेवत होते आणि मला वाटत होतं, या उद्या माझ्या शब्दावर तीस किलोमीटर चालणार आहेत. त्या वेळी मला त्या सगळ्यांबद्दल जे वाटलं त्याला माया याखेरीज दुसरा शब्द नाही.

रेमी शेवटून दुसरी होती. तिनं उजवा पाय पुढे केला, मग डावा, पण टाच चटईला टेकवून. मी उचलली. फोडाखाली फोड, कातडी सुटलेली, मोज्याचे धागे रक्तात चिकटलेले. "देचू," ती ओठ न हलवता म्हणाली, "लिहू नकोस. उद्याचा एक दिवस." मी म्हणाले, "यात माती गेलीय. उद्या तिसाव्या किलोमीटरला तुझा पाय बुटातून कापून काढावा लागेल. आणि वेळ प्लाटूनची धरतात, रेमी, शेवटची मुलगी पोचेल ती. तू मधेच बसलीस तर चौघींनी तुला उचलायचं, त्यांचं सामान आणखी चौघींनी. लपवतेस कशाला? ट्रकमध्ये जा." मी हे अगदी कमांडरच्या आवाजात म्हणाले. तिचा सराव झालेला धरतील, एक दिवस हुकला तर तिची परेड जात नाही, हेही मला माहीत होतं. तिला रडू येत होतं ते लाजेनं. तिनं माझ्याकडे पाहिलं. गेल्या वीस दिवसांत पट्टी बांधताना तिनं एकदाही वर पाहिलं नव्हतं, ते आत्ता पाहिलं. तिनं नुसता माझ्या डाव्या बुटाकडे डोळा वळवला आणि परत आणला.

मी तिचं नाव लिहिलं. शेवटच्या मुलीचे पाय पाहिले, ते मी पाहिले असं आता म्हणते, मला ते दिसलेच नाहीत. कारण मी बोलले ते वाक्य माझ्याच कानात बसून राहिलं होतं. चौघींनी तुला उचलायचं. कुठल्या चौघी, त्यांचे चेहरे मला दिसत होते, सांगवान त्यात नक्की. माझं हाड उद्या टिकेल का? टिकेल, मला वाटत होतं, मी टिकवेन. आणि त्याच वेळी अकराव्या मजल्यावरची ती मुलगी, जिच्यासमोर खोटं बोलण्यापेक्षा मेलेलं बरं, शांतपणे म्हणत होती की तुझं अक्षर फार नीटनेटकं झालंय. मला भीती वाटली. पायाची नाही, परेडचीही नाही. वाटलं, की मी यासाठीच जन्मले असं जे मला वाटतं, ते चांगलं चालता येण्यामुळे की यांच्यासमोर गुडघे टेकण्यामुळे? चालणं तर शर्यतीतल्या कुणालाही येतं.

उठले आणि उस्तादांसमोर सावधान झाले, नफरी म्हणजे हजेरीचा आकडा सांगायला. "नफरी एकोणतीस, उस्ताद. पाहिले अठ्ठावीस. एक मेडिकलला. बाकी ठीक." ते दगडावरून उठले. "एकोणतिसावी कोण?" "मी, उस्ताद." "हां. मग आपले कोण बघणार?" रीत अशी आहे की शेवटी कमांडरनं बसायचं आणि प्लाटूननं त्याचे पाय बघायचे, आणि तो नेहमी दंगाच असतो, गुदगुल्या, चिमटे, कोणीतरी नाक धरून मूर्च्छा आल्याचं सोंग करतं. मुली उठायलाही लागल्या होत्या. मी तयार करून ठेवलेलं वाक्य म्हणाले, उद्याचे हुकूम लिहायचेत, नंतर. ते म्हणाले, "जशी आपली मर्जी, मॅडम." त्यांनी खरंच मर्जीवर सोडलं. त्यांनी हुकूम केला असता तर किती सोपं झालं असतं. मी दोन पावलं गेले असेन. मग वळले, चटईवर बसले आणि बुटाची नाडी सोडायला लागले. "रेमी," मी म्हणाले, "तू बघ."

ती लंगडत आली, माझ्यासमोर गुडघे टेकले, मोजा उतरवला, पट्टी सोडली. दंगा करायला उठलेल्या मुली जागच्या जागी खाली बसल्या, कारण पट्टी सगळ्यांना दिसली. तिनं त्या जागेच्या बाजूबाजूनं बोटं फिरवली, अगदी कडेकडेनं, जागा चुकवत, आणि मान वर करून खणखणीत आवाजात म्हणाली, "ठीक आहे, उस्ताद." मी तिचा हात धरला आणि तिची दोन बोटं मधोमध दाबली. ओरडायचं नाही असं ठरवलं होतं, तरी ओरडले. "ठीक नाही, उस्ताद," मी म्हणाले. "डावी नडगी. तीन आठवडे झाले. मी लपवलं. रेमरुआतीचा यात काही दोष नाही."

ढांडा उस्ताद पुढे आले. मग खाली बसले, दोन्ही गुडघे मातीत टेकून, आणि माझ्या उजव्या बुटाची नाडी सोडायला लागले. सव्वीस वर्षांची नोकरी, पांढरी झालेली मिशी, आणि माझ्या बुटाला चिकटलेलं शेण. "उस्ताद, उजवा ठीक आहे." "पाय जोडीनं बघतात, मॅडम." त्यांनी मोजा काढला, अंगठा नडगीवरून खाली आणला, आणि घोट्याच्या वर चार बोटांवर दाबला. तिथेही दुखलं. थोडंसं, सुरुवातीचं, अंग तापल्यावर जातं तसलं. मला तोवर पत्ताच नव्हता. तीन आठवडे सगळं ओझं मी ज्याच्यावर टाकलं होतं, तोही बिचारा जायला निघाला होता आणि मला सांगितलं नव्हतं. "याला आणखी एक दिवस लागला असता," ते म्हणाले, आणि मोजा परत वर चढवला. शाबासकी नाही, ओरडणंही नाही. उठून हात झाडले. "रिपोर्ट अजून पुरा झाला नाही, मॅडम."

मी उभी राहिले, अनवाणी. "नफरी एकोणतीस, उस्ताद. पाहिले एकोणतीस. दोन मेडिकलला. सत्तावीस उद्या चालतील." आवाज नेहमीसारखा लांब गेला, पलीकडच्या प्लाटूनमधल्या दोघींनी वळून पाहिलं. "चालवणार कोण?" त्यांनी विचारलं. हे ठरवायचं कामही माझंच होतं. "सांगवान, उस्ताद." सांगवान पुढे आली. तिचा चेहरा वाईट झाला होता, ज्याची इतकी हाव धरली ते असं मिळाल्यावर होतो तसा. मी खिशातून नकाशा काढला, पेन्सिलीची रेघ तिला दाखवली, तिसऱ्या मैलाला डावीकडची वाट फसवी आहे, ओढा वरच्या अंगानं. अप्पांना उद्या फोन करायचा होता, चौदा तिकिटं, आणि तो डावा खांदा. रस्ता चांगला आखलेला होता. सप्टेंबरातही मी असाच आखीन, आणि तेव्हा चालीनही, याबद्दल मला उभ्या जागी तिळभर शंका वाटली नाही. सांगवाननं नकाशाची घडी केली. "तुझ्यापेक्षा वीस मिनिटं आधी पोचवते की नाही बघ," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरले.

"पोचव," मी म्हणाले. मग बूट हातात घेतले, दुसरा हात रेमीच्या खांद्यावर टाकला, आणि सगळ्या प्लाटूनच्या देखत, तीन आठवड्यांत पहिल्यांदा, मनसोक्त लंगडत ट्रककडे निघाले.